शेततळं गळतंय की उडतंय?

एप्रिल उजाडला की सांगोला-मंगळवेढा भागात शेततळ्याच्या प्लास्टिकच्या कागदाला भोकं शोधणं सुरू होतं. उपसा फारसा नाही, तरी पाणी रोज उतरतंय. कुणी बांधावर लिंबू-मिरचीही टांगतं. पण कागद बहुतेकदा शाबूत असतो.

1 चौरस मीटरवर पातळी 1 मिमी उतरली की 1 लिटर गेलं. 30 बाय 30 मीटरच्या भरल्या तळ्याचं तोंड 900 चौरस मीटर. दिवसाला 8 मिमी धरले तर 7,200 लिटर. मोठ्या जनावराला उन्हाळ्यात 60 लिटर धरा. म्हणजे न दिसणारी 120 जनावरं रोज पिऊन जातात. त्यात 3 मीटर खोल, 1:1 उताराच्या (मीटरभर खोलीला मीटरभर आत) या तळ्यातलं 38 टक्के पाणी वरच्या एका मीटरातच असतं, कारण तळं खाली निमुळतं.

पाण्याचे रेणू सारखे धडपडत असतात. पृष्ठभागावरचे वेगवान रेणू सुटतात, काही परत पाण्यात पडतात. हवा दमट असली की जाणारे-येणारे जवळपास सारखे. इथल्या कोरड्या दुपारी परतणारे थोडे, आणि वारा पाण्यावरचा ओलसर थर उचलून नेतो. एक ग्रॅम पाणी उडायला सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते. माठ ती आतल्या पाण्यातून घेतो म्हणून गार होतो. तळ्याला ती उन्हातून मिळते, काळा कागद ऊन शोषून भर घालतो. दिवसभर तापलेलं पाणी मग रात्रीही उडत राहतं.

क्षार मात्र मागे राहतात. लिटरला 1,500 मिलिग्रॅम क्षारांचं बोअरचं पाणी उडून निम्मं झालं की 3,000 वर जातं. सवय नसलेली म्हैस हुंगून तोंड फिरवते आणि दूध घटतं.

गळती ओळखायची तर बादलीत तळ्याचंच पाणी भरा, ती कडेला विटांवर, अर्धी पाण्यात राहील अशी ठेवा. बादलीत आणि तळ्यात खुणा करा. 24 तास उपसा बंद. दोन्हीकडं सारखंच उतरलं तर वाफ; तळं जास्त उतरलं तर कागद बघा.

फेब्रुवारीत बोअर उपसून तळं भरणं म्हणजे मुरुमाच्या, खडकाच्या सावलीतलं पाणी उन्हात आणून ठेवणं. जमिनीत ठेवलं तर शेजारची बोअर ते ओढेल ही भीती खरी आहे, पण तळं हा तिच्यावरचा महागडा उपाय आहे. पाण्यावर रेणूभर जाडीचा पडदा धरणारी सेटिल अल्कोहोलची पावडर ऐकायला छान. वारा सुटला की पडदा एका काठाला गोळा होतो. त्यापेक्षा वाऱ्याच्या बाजूला शेवरीची दाट ओळ लावा, बांधापासून लांब, नाहीतर मुळं कागदाखाली शिरतात.

जनावरांना तळ्यावर नेऊ नका, खुरांनी कागद फाटतो. कडुलिंबाखाली अरुंद हौद बांधा, बॉल कॉक (हौद भरला की पाणी बंद करणारा तरंगता नळ) लोखंडी जाळीत झाका, आणि शेवाळ धरू नये म्हणून दर पंधरवड्याला हौद घासून आतून चुना मारा.