विहिरीतला मे आणि समुद्रातला डिसेंबर

मे महिन्यात शेतातल्या विहिरीत सूर मारलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही: वरचं हातभर पाणी कोमट, त्याखाली शिरलं की अंगावर काटा येतो. ऊन वरून तापवतं, तापलेलं पाणी हलकं होऊन वरच राहतं. बाहेर ४५ अंश असले तरी तळाला त्याची खबर नसते. नागपूरहून समुद्र कुठल्याही बाजूने शेकडो किलोमीटर लांब. पण त्यातले सूक्ष्मजीव समजून घ्यायला एवढी विहीर पुरते.

समुद्राच्या वरच्या थरातल्या एका मिलिलिटरमध्ये, म्हणजे ड्रॉपरच्या वीसेक थेंबांत, साधारण १० लाख बॅक्टेरिया असतात. ते कोणते, हे पाणी कुठल्या समुद्रातलं यापेक्षा बरेचदा ते किती खोलवरून काढलं यावर ठरतं.

प्रोक्लोरोकॉकस या बॅक्टेरियाचंच घ्या. सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या जीवांमध्ये पृथ्वीवर संख्येने सर्वांत जास्त हाच, आणि सॅली चिसम, रॉबर्ट ओल्सन व सहकाऱ्यांनी १९८८ साली त्याची माहिती प्रसिद्ध करेपर्यंत तो जवळपास अज्ञातच होता. शोधणाऱ्यांना दोष देता येत नाही म्हणा. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही तो लहान. त्याचे वरच्या झगझगीत उजेडातले वाण वेगळे, शंभरेक मीटर खोल, निळसर अंधुकात राहणारे वेगळे. २००३ मध्ये अशा दोन वाणांची जनुकं वाचली गेली: वरच्याकडे सुमारे १,७००, खालच्याकडे २,२००हून जास्त. वरच्या पाण्यात नायट्रेट-फॉस्फेटचा, म्हणजे खताचा, कायम दुष्काळ. तिथे जास्तीचं सामान बाळगणं परवडत नाही, म्हणून त्याने जनुकांतच काटकसर केली असावी.

२०० मीटरच्या खाली उजेडावर पोट भरणं संपतं. तिथे आर्किया नावाचे, बॅक्टेरियांसारखेच एकपेशीय पण वेगळ्या कुळातले जीव वाढत जातात. हवाईजवळच्या मोजणीत १,००० मीटरखाली त्यांची संख्या बॅक्टेरियांच्या बरोबरीला आलेली दिसली. त्यांतले बरेच अमोनिया जाळून ऊर्जा मिळवतात, सूर्याशी थेट देणंघेणं नाही. बाकीच्यांचं जेवण वरून पडतं: मेलेल्या पेशी, विष्ठा, चिकट कण यांचे पुंजके. शास्त्रज्ञ त्याला ‘सागरी हिम’ म्हणतात. विदर्भातल्या माणसाने बर्फ कुठे पाहिला? मला ते जिनिंगच्या आवारात तरंगणाऱ्या कापसाच्या तंतूंसारखं वाटतं.

हे थर वर्षभर असेच राहिले असते, तर वरचे जीव उपाशीच राहिले असते. हिवाळा ते मोडतो. अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटांजवळच्या पाण्याचे नमुने १९८८ पासून नियमित घेतले जात आहेत. तिथे थंडीत वरचं पाणी गार, जड होऊन खाली बुडतं, वादळं ते घुसळतात, आणि दीडदोनशे मीटरपर्यंत सगळं एक होतं. खालचं खत वर येतं, वसंतात सूक्ष्म शैवालांची हिरवळ फुटते. उन्हाळ्यात पुन्हा थर लागतात. सार-११ हा समुद्रातला बहुधा सर्वांत विपुल बॅक्टेरिया. त्याच्या उपशाखाही दरवर्षी याच वेळापत्रकाने जागा बदलतात.

आपल्या अरबी समुद्राचं गणित मात्र दुहेरी आहे. डिसेंबर-जानेवारीत जमिनीकडून येणारी कोरडी, गार हवा त्याच्या उत्तर भागावरून वाहते. पाणी थंड होतं, बाष्पीभवनाने खारट आणि जड होतं, बुडतं. म्हणजे आपण स्वेटर अंगात चढवतो तेव्हा तिथे बहर येतो. दुसरा बहर जून ते सप्टेंबर, मोसमी वाऱ्यांनी सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याशी खालचं पाणी वर ओढलं की.

साधारण १५० ते १,००० मीटरच्या पट्ट्यात याच समुद्रात प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथले बॅक्टेरिया नायट्रेटवर श्वास भागवतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. सांडपाणी शुद्ध करताना हीच युक्ती वापरतात. गंमत म्हणजे या पट्ट्याच्या वरच्या काठावर, अगदी मिणमिणत्या उजेडात, प्रोक्लोरोकॉकस पुन्हा भेटतो. प्राणवायू तयार करत!

आणखी खोल, जिथे तापमान वर्षभर फारसं हलत नाही, तिथे ऋतू ताटातून कळतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जर्मन सहकाऱ्यांबरोबर अरबी समुद्रात खोलवर कण गोळा करणारी नरसाळी टांगली होती. १९८९ साली त्यांनी निकाल प्रसिद्ध केले: पावसाळी आणि हिवाळी, दोन्ही मोसमी वाऱ्यांच्या काळात नरसाळ्यांत पडणारा माल वाढत होता. इकडे नागपुरात पावसाळा चालू असतो, आणि त्याच वाऱ्यांचा हिशोब तिकडे अंधारात कापसासारखा खाली उतरत असतो.