उपाशीपोटीची साखर वेगळी, उपास सोडल्यावरची वेगळी

श्रावणी सोमवार आला की पंचवटीतल्या आमच्या डायबेटिसवाल्या मावशीचा फोन ठरलेला. रात्रीपासून पोटात काही नाही, चहासुद्धा नाही, तरी साखर मोजायचं मशीन १५८ दाखवतंय, बिघडलं का रे? आणि संध्याकाळी उपास सोडल्यावर २४० आले की तेव्हा मात्र गप्प, कारण ते खाल्ल्याचं असतं ना!

मशीन ठीक आहे. सकाळची साखर ताटातली नसतेच, ती लिव्हरने सोडलेली असते. जेवणातली साखर लिव्हर ग्लायकोजेन (साखरेचा साठा) करून ठेवतं, साधारण १०० ग्रॅम, आणि रात्रभर मेंदूसाठी त्यातली थोडी थोडी सोडत राहतं, साठा उतरायला लागला की अमिनो ॲसिड, लॅक्टेट, ग्लिसरॉल असलं काय काय वापरून नवी साखरही बनवतं. हे सगळ्यांच्याच शरीरात चालतं, फक्त डायबेटिस नसलेल्या माणसात इन्सुलिन त्याला आवर घालतं. टाईप २ डायबेटिसमध्ये लिव्हर इन्सुलिनला जुमानत नाही, त्यात पहाटे साखर वाढवणारं कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढतं, मग न खाता साखर १२६ च्या (उपाशीपोटी डायबेटिस धरायची रेषा) वर गेली तर नवल काय. मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः लिव्हरच्या या साखर बनवण्यालाच लगाम घालते.

संध्याकाळचं गणित वेगळं. जेवलं की लिव्हरने आपली साखर सोडणं बंद करून आलेली भरून ठेवायची असते, पण डायबेटिसमध्ये ते बंद व्हायला वेळ लावतं आणि भरतंही कमी, म्हणजे वरण-भात-शिऱ्याची साखर आणि लिव्हरची साखर दोन्ही एकदमच रक्तात. वर दिवसभर उपाशी राहिल्याने रक्तात फॅटी ॲसिड वाढलेली असतात, ती इन्सुलिनचं काम अजून अवघड करतात, म्हणून तेच ताट एरवीपेक्षा उपासानंतर जास्त साखर चढवू शकतं. (दुपारी साबुदाणा खाल्ला तर तो उपास कसला, तो नुसता स्टार्च, पण हे मावशीला कोण सांगणार.)

आणि लिव्हर साखर सोडतंच आहे म्हणून उपासात शुगर लो होणार नाही असं अजिबात नाही हं. इन्सुलिन किंवा शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी ग्लिमेपिराईडसारखी गोळी चालू असेल तर ती पोट रिकामं आहे हे बघत नाही, त्यात तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरी डोंगराची फेरी उपाशी करायची म्हणजे चालून चालून पायांचे स्नायू साखर ओढतात ते वेगळंच. यंदा मावशीने फेरीच्या आधीच डॉक्टरांकडून डोस बदलून घेतला, पिशवीत ग्लुकोजची पुडी टाकली आणि चक्कर आली तर देवाची माफी मागून ती खायची असं माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.