बेसबॉल : दुखापतींच्या काळात पिचरांचा ताफा सांभाळणे

बेसबॉल संघातल्या कोणत्या पिचरने (फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने) कोणत्या दिवशी किती चेंडू टाकायचे, कोणाला विश्रांती द्यायची, एखाद्याचा कोपर किंवा खांदा दुखावला तर त्याच्या वाट्याच्या इनिंग (डाव) कोणी उचलायच्या आणि बरा झालेला पिचर माउंडवर, म्हणजे चेंडू फेकण्याच्या उंचवट्यावर, केव्हा परतायचा, हे ठरवण्याचे काम. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, त्यासाठी पिचिंग कोच, ट्रेनर, डॉक्टर आणि आकडेवारीचे जाणकार अशी मोठी फळी असते. पुण्यातल्या शाळा-कॉलेजांच्या संघांत हे सगळे बहुधा एकट्या सरांच्या अंगावर येते आणि ताफा म्हणावा तर दोन-तीन मुलांचा. तरीही हाताचे शरीरशास्त्र दोन्हीकडे तेच आहे. उलट वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत चुकीची किंमत जास्त पडते.

हाताला नेमके काय होते

पुण्यातल्या क्रीडाप्रेमींना वेगवान गोलंदाज ओळखीचा आहे. त्याचा हात कोपरात जवळजवळ सरळ राहतो. वेगाचा मोठा भार पाय आणि कंबर झेलतात, म्हणून तरुण वेगवान गोलंदाजांत कमरेच्या मणक्याचे स्ट्रेस फ्रॅक्चर जास्त दिसते. पिचर धावत येत नाही. २५.४ सेंटिमीटर उंचीच्या माउंडवरून एक लांब पाऊल टाकून तो १८.४४ मीटरवरच्या होम प्लेटकडे (फलंदाजाजवळच्या पाटीकडे) चेंडू फेकतो आणि या फेकीत वाकलेला कोपर झटक्यात सरळ होतो. त्या क्षणी खांदा सेकंदाला सुमारे ७००० अंश या वेगाने आत फिरतो. मानवी शरीराच्या मोजल्या गेलेल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक आहे.

कोपराच्या आतल्या बाजूला एक लहानसे लिगामेंट (हाडे जोडणारा पट्टा) असते. प्रत्येक जोरकस पिचला (टाकलेल्या चेंडूला) कोपरावर जो पीळ पडतो, तो या एकट्या लिगामेंटच्या सहनशक्तीपेक्षा अधिक असल्याचे प्रयोगशाळेतल्या मोजमापांतून दिसले आहे. तरी ते दर चेंडूला तुटत नाही, कारण भोवतालचे, विशेषतः बोटे आणि मनगट वळवणारे पुढच्या हाताचे स्नायू भाराचा मोठा हिस्सा उचलतात. हे स्नायू थकले की तो हिस्सा लिगामेंटवर जातो. पिचरांच्या व्यवस्थापनातले जवळजवळ सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात. किशोरवयीन पिचरांच्या २००६ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात, हात थकलेला असतानाही नेहमी पिचिंग करणाऱ्यांवर शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता ३६ पट आढळली. २०११ च्या दुसऱ्या अभ्यासात, वर्षाला १०० हून जास्त इनिंग टाकणाऱ्या मुलांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट होता. एखाद्या विशिष्ट पिचपेक्षा थकवा अधिक घातक आहे. कर्व्ह (वळणारा चेंडू) टाकला म्हणून हात जातो, असे मैदानावर सर्रास म्हटले जाते आणि मुलाला तो टाकायची बंदी होते; त्याच मुलाने शनिवारी-रविवारी मिळून दीडशे चेंडू टाकले तर मात्र कोणी हरकत घेत नाही.

शस्त्रक्रिया आणि तिच्याविषयीचा गैरसमज

१९७४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन याचे हे लिगामेंट तुटले. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हाताची कंडरा काढून डाव्या कोपरात बसवली. १९७५ चा पूर्ण हंगाम त्याने बाहेर काढला, १९७६ मध्ये तो परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते.

या यशामुळे एक घातक समज पसरला : शस्त्रक्रिया केली की हात पूर्वीपेक्षा जोरदार होतो. पालकही हे मनापासून मानताना दिसतात. प्रत्यक्षात पिचरला स्पर्धेत परतायला साधारण १२ ते १८ महिने लागतात, सगळेच जुन्या दर्जाला पोचत नाहीत आणि काहींना दुसऱ्यांदा टेबलावर जावे लागते. शोहेई ओहतानीच्या कोपरावर २०१८ आणि २०२३ अशा दोनदा शस्त्रक्रिया झाल्या. २०२४ चा संपूर्ण हंगाम तो केवळ फलंदाज म्हणून खेळला. त्याच्यामागे जगातले उत्तम डॉक्टर उभे होते. पुण्यातल्या सतरा वर्षांच्या मुलाला बारावीच्या वर्षात असे दीड वर्ष काढणे म्हणजे बहुतेक वेळा खेळ सोडणेच. शिवाजीनगरच्या संचेती रुग्णालयापासून उपनगरांतल्या फिजिओंपर्यंत अस्थिरोगाची सोय शहरात चांगली आहे; मात्र डॉक्टरांना ‘हात दुखतो’ एवढेच सांगून भागत नाही. दुखणे कोपराच्या आतल्या बाजूला आहे, फेकताना चमक मारते, करंगळीकडे मुंग्या येतात, हे मुलाने आणि सरांनी नेमके सांगायला हवे.

मेजर लीगची व्यवस्था

मेजर लीगमध्ये प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. २६ जणांच्या संघात हंगामाच्या बहुतांश काळात जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात. त्यांतले पाच जण पाळीपाळीने सामन्याची सुरुवात करतात, बाकीचे बुलपेनमध्ये म्हणजे राखीव ताफ्यात असतात. दुखावलेल्या पिचरला किमान १५ दिवसांच्या जखमी यादीत टाकून त्याच्या जागी दुसरा घेता येतो. दुखापत मोठी असेल तर ६० दिवसांची यादी असते, तिच्यामुळे ४० जणांच्या विस्तारित संघातलीही जागा मोकळी होते. बरा होत आलेला पिचर आधी मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या पायरीवर) जाऊन, जास्तीत जास्त ३० दिवस, हाताची परीक्षा घेतो.

एवढे करूनही दुखापती वाढतच आहेत. २००८ मध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी सुमारे १४७ किलोमीटर होता, २०२४ मध्ये तो सुमारे १५२ झाला. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगने प्रसिद्ध केलेल्या अहवालात वेगाचा आणि चेंडूच्या वळणाचा हव्यास, दर चेंडूला पूर्ण जोर लावण्याची सवय ही प्रमुख कारणे सांगितली आहेत. पूर्वीचा पिचर नऊ इनिंग पुरवायच्या म्हणून हात राखून टाकत असे. आजच्याला पाच इनिंग पुरे, मग तो पहिल्या चेंडूपासून सगळे पणाला लावतो. चेंडूंची मोजदाद अत्यावश्यक आहेच, पण प्रत्येक चेंडू किती जोराने गेला हे तिच्यात दिसत नाही.

डॉजर्सचा २०२४ चा हंगाम या विषयाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा. टायलर ग्लासनाऊ, गॅव्हिन स्टोन, क्लेटन कर्शॉ असे एकामागून एक पिचर दुखावले आणि वर्ल्ड सिरीजमध्ये (मेजर लीगच्या अंतिम मालिकेत) सामन्याची सुरुवात करण्याजोगे तिघेच हाताशी राहिले. चौथ्या सामन्यात त्यांनी सुरुवातीपासून राखीव ताफाच वापरला. तो सामना ४-११ असा गेला, पण महत्त्वाचे हात वाचले. पाचव्या सामन्यात, तिसऱ्या सामन्याची सुरुवात केलेल्या वॉकर ब्यूलरला नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये आणून त्यांनी विजेतेपद घेतले. एखादा सामना हातचा जाऊ देण्याची तयारी आणि सर्वांत दुबळ्या पिचरलाही नेमके काम नेमून देण्याची पद्धत, या दोन्ही गोष्टी लहान संघाला पैशाविना उचलता येतात.

थांबवण्याचा निर्णय

वॉशिंग्टन नॅशनल्सच्या स्टीफन स्ट्रासबर्गवर २०१० मध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. २०१२ मध्ये संघ अव्वल असताना, १५९ इनिंग आणि एका बळीनंतर व्यवस्थापनाने सप्टेंबरमध्ये त्याला हंगामापुरते थांबवले. संघ प्लेऑफच्या (हंगामानंतरच्या बाद फेरीच्या) पहिल्याच मालिकेत हरला आणि टीकेचा भडिमार झाला. २०१९ मध्ये तोच स्ट्रासबर्ग वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे मात्र दुखापतींनी त्याला घेरले आणि २०२४ मध्ये तो निवृत्त झाला. थांबवल्यामुळे हात कायमचा वाचतो असे नाही. तरीही २०१२ चा निर्णय योग्य होता, कारण त्या दिवशी हाताशी असलेल्या माहितीवर त्याहून चांगला निर्णय शक्य नव्हता.

दुसऱ्या टोकाला जपानची शालेय कोशिएन स्पर्धा. १९९८ मध्ये दाइसुके मात्सुझाकाने तिथल्या उपान्त्यपूर्व सामन्यात १७ इनिंगमध्ये २५० चेंडू टाकले, दुसऱ्या दिवशी तो एका इनिंगसाठी पुन्हा माउंडवर आला आणि अंतिम सामन्यात त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट (यशस्वी फटका) मिळू दिला नाही. जपानने त्याला डोक्यावर घेतले. २०११ मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. तिथल्या शालेय बेसबॉलमध्ये आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा यायला २०२० साल उजाडावे लागले.

अमेरिकेत मुलांसाठीचे ‘पिच स्मार्ट’ निकष २०१४ पासून आहेत. त्यांनुसार एका दिवशी ११-१२ वर्षांच्या मुलाने ८५, १३ ते १६ वयाच्याने ९५ आणि १७-१८ च्याने १०५ चेंडूंपलीकडे जाऊ नये. पुढची विश्रांती चेंडूंवर ठरते : १५-१६ वर्षांच्या मुलाने ३१ ते ४५ चेंडू टाकले तर एक दिवस, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ७५ ला तीन, त्यापुढे चार. पिचरने त्याच सामन्यात कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) होऊ नये, हाही त्यातलाच सल्ला. लहान संघात तो सर्वांत जास्त मोडला जातो, कारण ज्याचा हात चांगला त्यालाच दोन्ही कामे मिळतात.

पुण्यातले वास्तव

शालेय स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोचतो. वेळापत्रक थोड्या दिवसांत बसवायचे असते, त्यामुळे चांगला संघ रोज खेळतो, कधी दिवसातून दोनदा. वरचे निकष पाळायचे तर अशा स्पर्धेला किमान चार-पाच पिचर हवेत. ज्या संघाकडे एकच आहे, त्याचे सर स्पर्धेच्या तिसऱ्या दिवशी मर्यादा मोडण्याखेरीज काही करू शकत नाहीत. निर्णय सहा महिने आधीच चुकलेला असतो. शॉर्टस्टॉप, सेंटर फील्डर (या दोन्ही क्षेत्ररक्षणाच्या जागा) आणि क्रिकेटमधून आलेला एखादा चांगल्या फेकीचा क्षेत्ररक्षक, या तिघांना सरावात आठवड्याला पंचवीस-तीस चेंडू टाकायला लावले तर हंगामापर्यंत प्रत्येकी एक-दोन इनिंग काढणारे भिडू तयार होतात. त्यांना वेग लागत नाही, स्ट्राइक झोन (फलंदाजासमोरचा, चेंडू जिथून जायला हवा तो पट्टा) सापडला पाहिजे.

दुसरी गोष्ट हाताच्या एकूण हिशेबाची. पुण्यातला पिचर क्वचितच फक्त पिचर असतो. सकाळी क्रिकेट अकादमीत नेट, दुपारी शाळेचा संघ, रविवारी क्लबचा सामना. तिन्ही ठिकाणचे सर वेगळे आणि प्रत्येकाला आपल्या मैदानावरचेच चेंडू ठाऊक. गणपतीच्या आधीचे काही आठवडे अनेक मुले ढोल-ताशा पथकाच्या सरावालाही जातात. तास-तासभर ढोल वाजवून मनगट आणि पुढचा हात भरून आला की दुसऱ्या दिवशी लिगामेंटला वाचवणारे स्नायू आधीच दमलेले असतात. पथक सोडायला सांगण्याची गरज नाही, सांगितले तर मुले ऐकणारही नाहीत. त्या आठवड्यातले पिचिंग कमी करावे. त्यासाठी एक वही पुरते : तारीख, टाकलेले चेंडू, इतर फेक, आणि मुलाने स्वतः सांगितलेला थकवा. वही मुलाकडे असावी, म्हणजे ती त्याच्याबरोबर तिन्ही मैदानांवर फिरते.

थकवा ओळखायला यंत्र लागत नाही. चेंडू उंच जाऊ लागतात, कोपर खांद्याच्या खाली घसरतो, दोन पिचमधला वेळ वाढतो, मूल हात झटकते किंवा खांदा चोळते. ‘सर, हात भरून आलाय’ असे ते सहसा म्हणत नाही, कारण तसे म्हटले की पुढच्या सामन्यात बसवतील अशी भीती असते. ही भीती घालवणे सरांच्या हातात आहे : दुखणे सांगणाऱ्याची संघातली जागा जात नाही, हे एकदा कृतीने दिसले की बाकीची मुलेही बोलू लागतात.

सॉफ्टबॉलमधील खालून फेकीच्या पिचिंगला दुखापत होत नाही, हाही समज खोटा आहे. तिथे खांद्याच्या पुढच्या बाजूला आणि दंडाच्या स्नायूच्या कंडरेला त्रास होतो. महाराष्ट्रात मुलींचा सॉफ्टबॉल जोरात असल्याने हे विशेष ध्यानात घ्यायला हवे.

परतीचा क्रम आणि पावसाळा

दुखावलेला पिचर दुखणे थांबल्याबरोबर माउंडवर जात नाही. आधी वेदनेशिवाय पूर्ण हालचाल, मग खांदा, पाठ आणि पायांची ताकद, मग सुमारे १४ मीटरवरून हलकी फेक, हळूहळू लांब अंतर, त्यानंतर माउंडवरून फक्त फास्टबॉल, शेवटी वळणारे चेंडू आणि समोर फलंदाज. प्रत्येक टप्प्यावर दुखले तर एक टप्पा मागे. टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर पहिली हलकी फेकच साधारण चार-पाच महिन्यांनी होते. ज्या मैदानावर माउंड नाही, तिथे सराव सपाट जमिनीवर होतो. मग स्पर्धेत उंच माउंड मिळाला की पावलाची आणि कोपराची वेळ बदलते. परतणाऱ्या पिचरला त्या माउंडवर सामन्याआधी थोडे चेंडू टाकू द्यावेत.

वर्षातून किमान चार महिने पिचिंग बंद, त्यांतले दोन-तीन सलग, हा ‘पिच स्मार्ट’चा सल्ला पुण्याच्या हवामानात सहज बसतो. जून ते सप्टेंबर मैदानावर चिखल असतो आणि हाताला आपोआप विश्रांती मिळते. अडचण पुढे येते : शालेय स्पर्धा पावसाळ्याच्या उत्तरार्धातच सुरू होऊ लागतात, आणि दोन महिने बंद असलेला हात मुलगा पहिल्याच सामन्यात पूर्ण जोराने फिरवतो. म्हणून पहिल्या सामन्याच्या दीड महिना आधीपासून, पाऊस असेल तर शाळेच्या सभागृहात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये जाळीवर, दिवसाआड हलकी फेक सुरू करावी. पहिल्या आठवड्यात पिचिंग मुळीच नको. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वीस चेंडू, आणि स्पर्धेतल्या पहिल्या सामन्यात वयाची मर्यादा ९५ असली तरी चाळिसाच्या आसपास दुसऱ्या भिडूला आणावे.