बारा गावचं पाणी प्यालेले फुटबॉलर आणि मधली सात वर्षं

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या कुठल्याही साध्यासुध्या इंग्लिश फुटबॉलरचं रेकॉर्ड उघडा, १९३८-३९ पर्यंत मॅचेस, गोल, क्लब सगळं नीट आणि मग एकदम १९४६. मधे काय, गडी घरी बसलेला का? उलट बऱ्याच जणांनी आयुष्यात सगळ्यात जास्त क्लबचे शर्ट घातले ते त्याच काळात, फक्त ते मोजले जात नाहीत.

झालं असं की लीगचा सीझन २६ ऑगस्ट १९३९ ला सुरू झाला, जेमतेम तीन-तीन मॅचेस झाल्या आणि ३ सप्टेंबरला युद्ध जाहीर. सीझन रद्द, झालेले निकालही पुसून टाकले (ब्लॅकपूल टॉपला होतं, बिचारे). खेळाडूंचे करार थांबवले म्हणजे पगार बंद, पण रजिस्ट्रेशन मात्र क्लबकडेच, म्हणजे पैसे देणार नाही आणि सोडणार पण नाही, हे मला आजही पटत नाही. त्याआधी कमाल पगार आठवड्याला ८ पौंड, तोही मोठ्या नावांना, खालच्या डिव्हिजनमधल्याला त्याहून कमीच. युद्धात लीगऐवजी ज्या मॅचेस होत राहिल्या (रेकॉर्डमध्ये न धरलेल्या त्या ह्याच), त्यात सुरुवातीला मॅचमागे ३० शिलिंग, म्हणजे दीड पौंड, मग तो सैन्यात असो नाहीतर कारखान्यात.

मग आली गेस्ट प्लेअरची पद्धत. पोस्टिंग जिथे, तिथल्या जवळच्या क्लबकडून खेळायचं. त्यामुळे ऑल्डरशॉटसारख्या तिसऱ्या डिव्हिजनच्या क्लबची लॉटरी लागली, कारण तिथे लष्कराचं मोठं ठाणं, आणि क्लिफ ब्रिटन, स्टॅन कलिस, जो मर्सर ही इंग्लंडची हाफ-बॅक लाईन (मधली फळी) आयती मिळाली! पण अशा नावांमुळे नेहमीच्या गड्याचं काय झालं ते कोणी विचारत नाही, त्याची जागा गेली की तो पलीकडच्या गावात गेस्ट. प्रोग्रॅममध्ये कधीकधी नावसुद्धा नाही, नुसतं 'ए. एन. अदर', म्हणजे 'another', कोणीतरी एक.

१९४० च्या ख्रिसमसला टॉमी लॉटन सकाळी एव्हर्टनकडून आणि दुपारी ट्रॅनमीअरकडून खेळला. त्याच दिवशी ब्रायटनची टीम नॉर्विचला पोचली ती पाच जणांची, उरलेले नॉर्विचच्या रिझर्व्हमधले आणि मॅच बघायला आलेले सैनिक, निकाल १८-०. हसू येतं, पण विचार करा, प्रेक्षकांतून उठून बूट घालणाऱ्या त्या सैनिकाला म्हातारपणी 'मी ब्रायटनकडून खेळलोय' म्हणायचा हक्क आहे की नाही? माझ्या मते आहे.

सगळेच परतले असंही नाही. बोल्टनचे ३५ पैकी ३२ खेळाडू सैन्यात गेले, कॅप्टन हॅरी गॉस्लिन डिसेंबर १९४३ मध्ये इटलीत मारला गेला. आणि आपल्याकडचं सांगायचं तर आर्सेनलचा विंगर डेनिस कॉम्प्टन महूला पोस्टिंगवर होता, १९४५ ला रणजी फायनलमध्ये होळकरकडून ब्रेबॉर्नवर मुंबईविरुद्ध नाबाद २४९ ठोकले, तरी मुंबईच जिंकली. पण तो स्टार, त्याला परत आल्यावर जागा होतीच.

बाकीच्यांसाठी लीग परत सुरू झाली ३१ ऑगस्ट १९४६ ला, आणि गंमत म्हणजे टाइमटेबल नवं केलंच नाही, १९३९ चंच परत वापरलं. पहिल्या शनिवारी समोर तीच टीम, फक्त तेव्हा २५ चा असलेला गडी आता ३२ चा.