आलें गायगर

गायगर, आलें : (जन्म ५ नोव्हेंबर १९६०). स्वित्झर्लंडचा निवृत्त फुटबॉल बचावपटू व प्रशिक्षक. सियों, सेर्व्हेट, न्यूशातेल झामॅक्स आणि ग्रासहॉपर या चार वेगवेगळ्या क्लबांकडून खेळताना त्याने स्विस लीगचे अजिंक्यपद एकूण पाच वेळा, तर स्विस चषक चार वेळा मिळवला. १९८० ते १९९६ या काळात तो राष्ट्रीय संघाकडून ११२ सामने खेळला आणि त्यांत त्याच्या नावावर गोल लागले अवघे दोन. स्विस फुटबॉलमधील सत्ता त्या पंधरा-सोळा वर्षांत कुठून कुठे सरकली हे पाहायचे असेल, तर एकट्या गायगरचे क्लब क्रमाने पाहिले तरी पुष्कळसे चित्र हाती लागते.

तो मूळचा वॅले प्रांतातला. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातला हा डोंगराळ भाग फळबागा आणि द्राक्षमळ्यांसाठी ओळखला जातो. सियों हे तिथले मुख्य शहर आणि गायगरचा पहिला क्लबही तिथलाच, एफसी सियों. झुरिक, बाझेल, जिनिव्हा येथील श्रीमंत क्लबांपुढे सियोंचा दबदबा लीगमध्ये नव्हता. तो होता चषक स्पर्धेत. १९६५ ते २०१५ या काळात सियोंने चषकाचे तेरा अंतिम सामने खेळले आणि तेराही जिंकले. ही साखळी २०१७ साली बाझेलने तोडली. अंतिम सामना पूर्वी बहुधा बर्नच्या वांकडॉर्फ मैदानावर होई आणि त्या दिवशी निम्मे वॅले राजधानीत उतरे. गायगरचा पहिला चषक याच परंपरेतला : १९८० साली सियोंने बर्नच्या यंग बॉइज क्लबला २–१ असे हरवले तेव्हा तो विशीही ओलांडलेला नव्हता.

१९८१ मध्ये तो जिनिव्हाच्या सेर्व्हेटकडे गेला. इथली पाच वर्षे म्हणजे हुकलेल्या विजेतेपदांची मालिकाच. १९८२, १९८३ आणि १९८४ अशी लागोपाठ तीन वर्षे सेर्व्हेट लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर राहिला आणि तिन्ही वेळा पुढे होता तो झुरिकचा ग्रासहॉपर. तिसऱ्या वर्षी तर दोघांचे गुण समान झाले, निर्णायक सामना खेळवावा लागला आणि तोही सेर्व्हेटने ०–१ असा गमावला. १९८३ च्या चषकाचा अंतिम सामना २–२ असा बरोबरीत सुटून पुन्हा खेळवण्यात आला. त्यातही ग्रासहॉपरने ३–० अशी बाजी मारली. १९८४ चा चषक मात्र सेर्व्हेटने जादा वेळेत लोझानला १–० ने नमवून घेतला, आणि गी माटे यांच्या मार्गदर्शनाखाली १९८४-८५ च्या हंगामात लीगचे विजेतेपदही अखेर आले. १९८६ च्या चषकाच्या अंतिम फेरीत सेर्व्हेटसमोर सियों उभा ठाकला आणि ३–१ ने जिंकला. गायगरला चषक नाकारला तो त्याच्याच गावच्या क्लबने.

त्याच वर्षी तो न्यूशातेल झामॅक्समध्ये आला. प्रशिक्षक जिल्बेर ग्रेस यांनी बांधलेला हा संघ त्या वेळी देशात सर्वांत भारी होता. स्विस फुटबॉलमध्ये सर्वाधिक आंतरराष्ट्रीय सामने दीर्घकाळ ज्याच्या नावावर होते तो हाइन्झ हेरमान (११८ सामने) आणि रेआल माद्रिदहून आलेला जर्मन उली श्टीलिके हे दोघेही तिथेच होते. झामॅक्सने १९८७ आणि १९८८ अशी सलग दोन विजेतेपदे मिळवली. त्यातले दुसरे नव्या पद्धतीतले पहिले होते : लीग सोळा संघांवरून बारांवर आणलेली, आधी २२ फेऱ्या, मग वरच्या आठ संघांची अंतिम फेरी आणि तिथे जाताना आधी कमावलेले गुण निम्मे. उन्हाळ्यापासून घेतलेली आघाडी हिवाळ्यात अर्धी होऊन बसे. ही पद्धत पुढे अनेक वर्षे टिकली, आणि तिच्यात सातत्यापेक्षा वसंतातला जोर मोलाचा ठरे. १९८७-८८ च्या युरोपियन चषकात झामॅक्सने बायर्न म्युनिकला घरच्या मैदानावर २–१ असे हरवले. परतीचा सामना ०–२ ने गेल्यामुळे आव्हान तिथेच संपले.

१९८८ ते १९९० ही दोन वर्षे फ्रान्समधील सेंत-एत्येनमध्ये गेली. कारकिर्दीतला हा एकमेव परदेशी मुक्काम. पुढच्या पिढीतले शापुइझा, सूटर, स्फोर्झा हे स्विस खेळाडू जर्मनीत स्थिरावले. गायगरची मुख्य कमाई मात्र मायदेशातच झाली.

गायगर खेळला तो काळ लिबेरोचा. बाकीचे बचावपटू आपापला आघाडीवीर धरून असत आणि लिबेरो त्यांच्यामागे मोकळा राही. निसटलेला चेंडू वा निसटलेला माणूस, दोन्ही त्याच्या वाट्याचे. बचावामागे असा मोकळा गडी ठेवण्याची कल्पना स्वित्झर्लंडला परकी नव्हती. कार्ल राप्पान या ऑस्ट्रियन प्रशिक्षकाने १९३० च्या दशकात ‘व्हेरू’, म्हणजे कडी, या नावाने ओळखली जाणारी रचना आधी सेर्व्हेटमध्ये आणि मग ग्रासहॉपरमध्ये रुजवली होती. पुढे गाजलेल्या कातेनाच्चो या इटालियन बचावप्रधान पद्धतीची ती पूर्वज मानली जाते. १९९२ मध्ये राष्ट्रीय संघाची सूत्रे इंग्लिश प्रशिक्षक रॉय हॉजसन यांच्याकडे आली आणि मागचा हा मोकळा गडी गेला. चौघांची सरळ फळी, प्रत्येकाला आपला पट्टा, सगळ्यांनी एकदम पुढे सरकायचे आणि समोरच्याला ऑफसाइडमध्ये अडकवायचे. तिशी उलटलेल्या बचावपटूला एवढा बदल पचणे सोपे नसते. गायगरने तो पचवलाच, शिवाय त्या फळीचे नेतृत्वही केले. माझ्या मते त्याच्या योग्यतेचा हा पुरावा पदकांपेक्षा मोठा आहे.

१९९० मध्ये तो सियोंला परतला होता. १९९१ चा चषक वॅलेत आजही आठवला जातो. यंग बॉइजविरुद्ध मध्यंतराला ०–२ अशी पिछाडी असताना बदली खेळाडू डाव्हिड ओर्लांडोने दोन गोल केले आणि सियों ३–२ ने जिंकला. पुढच्याच हंगामात, अर्जेंटिनाचे एन्झो त्रोसेरो प्रशिक्षक असताना, सियोंने इतिहासात प्रथमच लीग जिंकली.

हॉजसन यांच्या संघाने १ मे १९९३ रोजी बर्नमध्ये इटलीला १–० असे हरवले आणि पुढे स्वित्झर्लंड १९६६ नंतर प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरला. १९९४ च्या त्या स्पर्धेत कर्णधार होता गायगर. त्याच्या बाजूला डोमिनिक हेर आणि कडांना मार्क होटिगर व इव्हान केंताँ : चौघेही त्या हंगामात सियोंचेच खेळाडू. देशाची अख्खी बचावफळी एका डोंगरी गावातून उचललेली, हे पुन्हा सहजासहजी जमायचे नाही. यजमान अमेरिकेशी १–१ अशी बरोबरी, रुमानियावर ४–१ असा विजय, कोलंबियाकडून ०–२ असा पराभव आणि बाद फेरीत स्पेनकडून ०–३ अशी हार, असा हा प्रवास झाला.

१९९५ मध्ये सियोंने चषकाच्या अंतिम सामन्यात ग्रासहॉपरला ४–२ ने लोळवले आणि त्यानंतर गायगर गेला तो ग्रासहॉपरकडेच. क्रिस्टियान ग्रोस यांच्या हाताखाली १९९५-९६ चे विजेतेपद आले. त्या उन्हाळ्यात, पस्तिशी ओलांडलेली असताना, तो इंग्लंडमधील युरो स्पर्धेत खेळला. वेम्बलीवर यजमानांशी १–१ अशी बरोबरी साधूनही स्विस संघ गटातच बाद झाला आणि गायगरची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथे थांबली.

प्रशिक्षक म्हणून त्याची सुरुवात १९९८ मध्ये झामॅक्सपासून झाली. पुढे स्विस क्लबांबरोबरच उत्तर आफ्रिकेतही त्याने बराच काळ काढला. अल्जीरियाच्या जेएस काबिली या क्लबला त्याने २०१० साली आफ्रिकन चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत नेले. २०१८ मध्ये तो सेर्व्हेटला परतला. आर्थिक संकटामुळे २०१५ साली तिसऱ्या स्तरावर ढकलला गेलेला हा क्लब तेव्हा दुसऱ्या स्तरावर होता. त्याने पहिल्याच हंगामात तो वरच्या स्तरावर आणला, मग तिथे चौथ्या आणि नंतर तिसऱ्या क्रमांकावर नेला. २०२२-२३ मध्ये सेर्व्हेट यंग बॉइजच्या मागे दुसरा आला आणि हंगाम संपताच गायगरने ते पद सोडले.