टर्बोत ऑइल दिसलं म्हणून लगेच टर्बो बदलू नका

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात कोकणातल्या ट्रॉलरची इंजिनं उघडली जातात. हवेचा पाइप काढला की टर्बोच्या तोंडाशी ऑइल दिसतं आणि निदान लगेच ठरतं: ‘सील गेला, टर्बो बदला.’ नवा टर्बो बसतो. हंगाम सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत तोही ऑइल फेकायला लागतो. याचं कारण असं, की बऱ्याचदा दोष टर्बोत नसतोच.

टर्बो म्हणजे एकाच दांड्याच्या दोन टोकांना बसवलेले दोन पंखे. एक पंखा एक्झॉस्टच्या गरम वायूने फिरतो आणि दुसऱ्याला फिरवतो. तो दुसरा पंखा इंजिनात हवा दाबून भरतो. स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली या कल्पनेचं पेटंट मागितलं. ट्रॉलरवरच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा टर्बो मिनिटाला ८० हजार ते १ लाख फेरे घेतो. या वेगाला बॉल बेअरिंगऐवजी बहुधा साधे बुश, म्हणजे धातूच्या गुळगुळीत नळ्या, असतात, आणि दांडा त्यांत ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो.

आता सीलकडे या. सगळा घोळ या शब्दाने होतो. सील म्हटलं की रबरी वायसर डोळ्यांपुढे येतो. पण लाख फेऱ्यांना रबर टिकणारच नाही. तिथे असते पिस्टन रिंगसारखी कापलेली छोटी धातूची कडी. ती बाहेरच्या घरात ताणून घट्ट बसते, आणि दांड्यावरची खाच तिच्याभोवती जवळजवळ न घासता फिरते. म्हणजे तिथे फट असतेच, मुद्दाम ठेवलेली. मग ऑइल का गळत नाही? कारण कडीच्या बाहेर एका बाजूला दाबलेली हवा असते, दुसऱ्या बाजूला एक्झॉस्टचा वायू, आणि मधल्या बेअरिंगच्या घरात जवळपास शून्य दाब. वायू फटीतून थोडा थोडा आत शिरत राहतो आणि ऑइलला आतच रोखतो. अडवण्याचं खरं काम दाबातल्या या फरकाचं आहे. कडी फक्त मदत करते.

ऑइल टर्बोत ३ ते ४ बार दाबाने येतं. पण बुशमधून सुटलं की त्याचा दाब संपतो आणि ते घुसळलेल्या ताकासारखं फेसाळतं. हा फेस फक्त स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. म्हणून ऑइल आणणारा पाइप ६-८ मिलिमीटरचा असला, तरी परतीचा पाइप २० मिलिमीटरच्या आसपास लागतो. तो उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कललेला नको, मध्ये झोळ नको, आणि चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथल्या, ऑइलच्या पातळीच्या वर उघडला पाहिजे. ही वाट तुंबली की बेअरिंगचं घर भरतं आणि नवाकोरा टर्बोही गळतो.

वाट तुंबण्याची नेहमीची कारणं पाहा. भज्यांच्या कढईला कडेने चिकटतो तसा जळक्या ऑइलचा काळा थर पाइपात साचतो. गॅस्केटवर लावलेला सिलिकॉन दाबला जाऊन आत लोंबतो, म्हणून ऑइलच्या दोन्ही फ्लँजना, म्हणजे पाइपांच्या जोडांना, सिलिकॉन कधीच लावू नये. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे ऑइल भरलेलं असतं. किंवा ब्रीदर, म्हणजे चेंबरमधला वायू बाहेर सोडणारी वाट, चोंदलेला असतो, नाहीतर पिस्टन रिंग झिजलेल्या असतात. मग चेंबरमध्येच दाब साचतो आणि ऑइलला खाली यायला जागा उरत नाही.

उलटा प्रकार एअर फिल्टरचा. तो चोंदला की पंख्यामागे ओढ तयार होते आणि ऑइल फटीतून बाहेर खेचलं जातं. ही ओढ पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात, आणि ५०० ते ६३५ मिलिमीटर ही बहुतेक इंजिनांची मर्यादा. तासन्‌तास आयडलवर, म्हणजे लोड न देता हळू चालत, ठेवलेल्या इंजिनातही दाब पुरेसा नसल्याने थोडं ऑइल झिरपतं. लोड दिल्यावर ते थांबलं, तर टर्बो ठीक आहे.

तपासणी थंड, बंद इंजिनावर करायची. प्रत्येक पंख्याच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे बघायचं. हवेच्या पंख्याच्या आधीच ऑइल असेल तर ते ब्रीदरच्या नळीतून आलेलं असण्याचा संभव जास्त. एक्झॉस्टच्या पंख्याच्या आधी, मॅनिफोल्डमध्येच ओल असेल तर ती इंजिनातून आली: रिंग, व्हॉल्व्ह गाइड किंवा गळका इंजेक्टर. पंख्याच्या आधी कोरडं आणि नंतर ओलं असेल तरच संशय टर्बोवर घ्यायचा, आणि तेव्हाही आधी परतीचा पाइप काढून बघायचा. सगळं पुसून, सुकवून अर्धा तास लोडवर चालवलं की ताजं ऑइल कुठून येतं ते कळतं. दांडा बोटांनी हलवला तर आडवा थोडा खेळ लागणारच, बुश तरंगते असल्याने. पण पंख्याचं पातं घराला घासत असेल, किंवा दांडा पुढे-मागे जाणवण्याइतका सरकत असेल, तर मात्र टर्बो खरोखर गेला. चेंबरचा दाब डिपस्टिकच्या नळीला पाणी भरलेली पारदर्शक यू-नळी जोडून मोजता येतो. आकडा इंजिनाच्या पुस्तकाशी ताडायचा.

लागोपाठ दोन टर्बो गेले की ‘बोटीला नजर लागली’ म्हणतात आणि लिंबू-मिरची बांधतात. नारळ दर्याला जरूर द्या, पण दोन्ही वेळा परतीचा पाइप तोच जुना होता का, हे तपासा. गळती थांबवणाऱ्या बाटल्यांनीही काही होत नाही. फट मुद्दामच ठेवलेली आहे, ती बुजवायची कशाला?

गळती जास्त असेल तर इंजिन चालवत राहू नका. आत गेलेलं ऑइल इंधनासारखं जळतं आणि इंजिन बेभान पळतं. तेव्हा डिझेल तोडूनही ते थांबत नाही, हवाच बंद करावी लागते, आणि तीही जाड फळीने. हात कधीही लावू नका.

टर्बो बदलावाच लागला तर ऑइलच्या तोंडातून ५० ते १०० मिलिलिटर स्वच्छ ऑइल ओतून पंखा हाताने फिरवा. डिझेल बंद ठेवून, गेजवर दाब दिसेपर्यंत सेल्फ थोडा थोडा मारा, मग काही मिनिटं आयडलवर ठेवा. रोज बंदरात आल्यावर बंद करण्याआधी ३ ते ५ मिनिटं आयडल द्या. नाहीतर तापलेल्या पंख्याची धग बेअरिंगमध्ये उतरते, अडकलेलं ऑइल तिथेच जळतं आणि परतीच्या पाइपात पुन्हा तोच काळा थर बसायला लागतो.