पार्श्वभूमी : ‘अंतरा’ इंजेक्शन आणि मराठवाड्यातलं कुटुंबनियोजन

मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ हे तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन आता मोफत मिळतं. त्याच्याबद्दल गावात दोन मतं ऐकू येतात. एक, गोळीची कटकट नाही, तांबीची (गर्भाशयात बसवायच्या कॉपर-टीची) भीती नाही आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही. दुसरं, त्याने पाळी बिघडते आणि अंग सुटतं. दोन्हींत तथ्य आहे. हे इंजेक्शन देशात विकायला परवानगी मिळाली १९९३ साली आणि सरकारी कार्यक्रमात ते आलं २०१७ साली. मधल्या चोवीस वर्षांत त्यावरून जे भांडण झालं, त्याच्या मुळाशी एकच प्रश्न होता : साधन देऊन झालं की पुढचा त्रास बघणार कोण? मराठवाड्यातल्या बायकांना या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच साधनाच्या बाबतीत नीट मिळालेलं नाही.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. मुंबईत १९२१ साली एका प्राध्यापकाने संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून या विषयावर मासिक चालवलं. त्यासाठी त्यांना खटले सोसावे लागले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९४८ साली तो मोकळा झाला आणि चारच वर्षांनी, १९५२ मध्ये, केंद्राचा कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू झाला. १९६५ मध्ये ‘लूप’ आला, म्हणजे गर्भाशयात बसवायची प्लास्टिकची वेटोळी. पहिल्या वर्षी तो धडाक्यात बसवला गेला. मग रक्तस्राव, कंबरदुखी, लूप आपोआप पडून जाणं अशा तक्रारी आल्या. त्या ऐकून घेण्याची सोय नव्हती, म्हणून बायकांनी तो काढून घेतला आणि एकमेकींना सांगितलं. आजही ‘तांबी’ म्हटलं की सासूच्या वयाच्या बायका नाक मुरडतात, त्याची सुरुवात इथली आहे.

आणीबाणीबद्दल नव्याने सांगायला नको. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यातले बहुसंख्य पुरुष होते. मराठवाड्याच्या वेशीवर, बार्शीत, १९७६ च्या सुरुवातीला जी मोहीम झाली तिच्यात बाजाराला आलेल्या माणसांना धरून नेल्याच्या कहाण्या धाराशिवकडच्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहेत. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आलं नाही. १९७७ ला सरकार बदललं, ‘कुटुंबनियोजन’ जाऊन ‘कुटुंबकल्याण’ आलं आणि पुरुषांना हात लावायला कुणी धजेना. तेव्हापासून सगळा भार बाईवर आला, आणि तो तिथून हललेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी ४९.१ टक्क्यांचं ऑपरेशन झालेलं होतं, तर पुरुष नसबंदीचा आधार असलेल्यांचं प्रमाण ०.४ टक्के होतं. पुरुषांची बिनटाक्याची शस्त्रक्रिया काही मिनिटांत होते, पोट उघडावं लागत नाही, गुंतागुंत कमी. तरीही ‘कष्टाची कामं व्हायची नाहीत’ हे एक वाक्य घरात बोललं की विषय संपतो. ते वाक्य खोटं आहे आणि कार्यक्रमाने ते खोडून काढायला कधी ताकद लावली नाही.

ऐंशीच्या दशकात दुर्बिणीचं ऑपरेशन आलं आणि शिबिरांचा काळ सुरू झाला. थंडीच्या दिवसांत शिबिर लागायचं. सकाळपासून उपाशी बायका, ओळीने टेबलं, भूल उतरायच्या आत सतरंजीवर झोपवणं आणि संध्याकाळी जीपमधून घरी. प्रत्येक नर्सबाईच्या डोक्यावर आकडा होता. तलाठी-मास्तरांनाही ‘केस’ आणाव्या लागायच्या. केंद्राने १९९६ मध्ये उद्दिष्टं कागदावरून काढली. छत्तीसगडमध्ये २०१४ च्या नोव्हेंबरात एकाच शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं झाली आणि त्यानंतर तेरा जणी दगावल्या. मग २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

तरीही मराठवाड्यातली बाई ऑपरेशनच का पसंत करते, याचं कारण तिच्या हिशोबात आहे. लग्न लवकर होतं. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत परभणी आणि बीड जिल्ह्यांत विशीच्या पहिल्या चार-पाच वर्षांतल्या ४० टक्क्यांहून जास्त मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बाविशी-तेविशीत दोन मुलं होतात. त्यात एक मुलगा असला की घरचेच तारीख ठरवतात. मधे पाळणा लांबवायचं कुठलंही साधन तिने वापरलेलं नसतं. त्यामुळे ‘साधन निवडणं’ हा शब्दप्रयोग पत्रकात शोभतो. प्रत्यक्षात ती काहीच नाही आणि कायमचं, या दोन टोकांत उडी मारते. ऑपरेशनचा त्रास एकदाच, नंतर दवाखान्याची पायरी चढायला नको, असं तिचं गणित असतं. ज्या भागात दवाखान्याला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, तिथे हे गणित अडाणीपणाचं म्हणता येत नाही.

पाळणा लांबवायच्या बाकी साधनांचं नशीब सगळीकडे सारखंच. ‘माला-एन’ची पट्टी मोफत मिळते : एकवीस गोळ्या संप्रेरकांच्या, सात लोहाच्या. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मळमळ, डोकेदुखी, मधेच डाग पडणं होतं आणि बहुतेकींना ते पुढे कमी होतं. पण पहिल्याच महिन्यात ‘सोसत नाही’ म्हणून पट्टी फडताळात जाते, कारण ‘दोन महिने थांब’ हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. ‘छाया’ ही संप्रेरक नसलेली गोळी लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत तयार झाली. १९९१ पासून ती बाजारात होती, सरकारी दवाखान्यांत मोफत मिळायला २०१६ उजाडलं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पाळी लांबते, एवढीच तिची मुख्य तक्रार. पण पाळी लांबली की दिवस गेल्याची धास्ती.

आता इंजेक्शनचा वाद.

तो सुरू झाला हैदराबादजवळ. १९८५ मध्ये पटनचेरूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन महिन्यांच्या एका इंजेक्शनची चाचणी चालू होती. आलेल्या गरीब बायकांना ही चाचणी आहे, याचे परिणाम असे होऊ शकतात, हे धड सांगितलेलं नव्हतं. स्थानिक स्त्री संघटनेच्या कार्यकर्त्या तिथे पोचल्या, त्यांनी बायकांशी बोलून ते समजावल्यावर बऱ्याच जणी उठून गेल्या. १९८६ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पुढे १९९३ मध्ये तीन महिन्यांच्या इंजेक्शनला, म्हणजे आजच्या ‘अंतरा’तल्याच औषधाला, खाजगी विक्रीची परवानगी मिळाली. अमेरिकेतही त्याला परवानगी एकच वर्ष आधी मिळाली होती. स्त्री संघटनांनी त्यालाही विरोध केला. १९९५ मध्ये औषधविषयक तांत्रिक सल्लागार मंडळाने सरकारी कार्यक्रमात ते घेऊ नये असं मत दिलं. २००० साली न्यायालयातलं प्रकरण संपलं तेव्हा दोन महिन्यांच्या इंजेक्शनबद्दल सरकारने मान्य केलं की ते सरसकट वाटणं योग्य नाही. पाठपुरावा आणि समुपदेशनाची पुरेशी सोय असेल तिथेच द्यावं.

या काळात दोन बाजू पडल्या. एकीचं म्हणणं : पैसेवाली बाई शहरात डॉक्टरकडून हे इंजेक्शन घेते, मग गरीब बाईलाच ते का नाकारायचं? दुसरीचं म्हणणं : पैसेवालीला त्रास झाला तर ती दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जाते, गरीब बाईच्या अंगात गेलेलं औषध तीन महिने बाहेर काढता येत नाही आणि तिच्याकडे जायला डॉक्टर नाही. पहिला मुद्दा मला पटतो, तरी दुसऱ्याला कधी सरळ उत्तर दिलं गेलं नाही असंच वाटतं. विरोध करणाऱ्यांना ‘प्रगतीच्या आड येणाऱ्या’ म्हणणं सोपं होतं. गोळी बंद करता येते, तांबी काढता येते, इंजेक्शन परत घेता येत नाही, हा त्यांचा आक्षेप साधा शरीराचा होता.

२०१५ मध्ये त्याच सल्लागार मंडळाने मत बदललं आणि २०१७ पासून ‘अंतरा’ टप्प्याटप्प्याने सरकारी दवाखान्यांत आलं. दरम्यान औषध तेच होतं, माहिती मात्र वाढली होती. हाडांची घनता वापर चालू असताना कमी होते आणि थांबवल्यावर बरीचशी भरून येते, हे कळलं होतं. २००४ मध्ये अमेरिकेत त्याबद्दल वेष्टनावर ठळक इशारा छापणं बंधनकारक झालं. बंद केल्यावर दिवस राहायला सरासरी सात ते दहा महिने लागतात, म्हणजे ‘पुढच्या वर्षी मूल हवं’ असं ठरलेल्या जोडप्याने हे आधीच धरून चालायला हवं. काहींचं वजन दोनेक किलो वाढतं. आणि पाळी : सुरुवातीला अवेळी डाग, कधी महिनाभर थोडं थोडं जात राहणं, वर्षभर घेतल्यावर जवळजवळ निम्म्या जणींची पाळी थांबतेच.

हे पाळीचं दुखणं गावात किती खोल जातं, ते कार्यक्रम आखणाऱ्यांना फार उशिरा उमगलं. महिनाभर डाग पडत राहिले तर ती बाई महिनाभर बाहेरची. देवाला नाही, सणाला नाही, काही घरांत चुलीलाही नाही. आणि पाळी थांबली तर वेगळीच धास्ती. “आशाताई, तीन महिने झाले बगा, येतच नाही. आत साचायलंय का काय?” हा प्रश्न उपकेंद्राच्या ओट्यावर हमखास येतो. साचत काही नाही. या औषधाने गर्भाशयाचं अस्तर वाढतच नाही, म्हणून बाहेर टाकायला काही उरत नाही. हे उत्तर दोन मिनिटांचं आहे. ते इंजेक्शनच्या आधी मिळालं तर बाई दुसऱ्या डोसला येते, नंतर मिळालं तर तोवर तिने शेजारणीचं ऐकलेलं असतं. सरकारी अहवालांत मात्र ही धास्ती ‘गैरसमज’ या रकान्यात जाते. पाळी खरोखर थांबलेली असताना तिला गैरसमज म्हणायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

इंजेक्शनसोबत कार्ड मिळतं. त्यावर दिलेल्या डोसची आणि पुढच्या डोसची तारीख लिहितात. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही, असंही सांगतात, कारण चोळल्याने औषध लवकर शोषलं जाऊन असर लवकर ओसरू शकतो. पुढचा डोस दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत चालतो. ही सवलत मराठवाड्यात फार मोलाची, कारण दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, परभणीकडची गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, उचल म्हणजे आगाऊ पैसे आधीच घेतलेले असतात आणि एक दिवस चुकला की ‘खाडा’, म्हणजे दंड, लागतो. अशा बाईला पाळी नसणं हा त्रास वाटतच नाही. राहायच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, ना पाणी, ना आडोसा. पण पाळी थांबायच्या आधीचे डागांचे महिने नेमके फडात, म्हणजे तोडणीच्या उसात, येतात. दुसरा डोस सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकातल्या थळावर (तोडणीच्या मुक्कामी) घ्यायची वेळ येते. कार्ड कुठल्याही सरकारी दवाखान्यात चालायला हवं; पण दवाखाना गाठायचा तर खाडा. जास्त रक्त जात असेल तर काही दिवसांच्या साध्या गोळ्यांनी ते आटोक्यात येऊ शकतं, पण त्या गोळ्या लिहून द्यायला समोर कुणीतरी लागतं.

असं कुणी समोर नसल्याचं टोक २०१९ मध्ये बीडमध्ये दिसलं. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. नसबंदीच्या ऑपरेशननंतर पाळी बिघडली, अंगावरून पांढरं जायला लागलं, पोट दुखू लागलं, की खाजगी दवाखान्यात ‘मुलं झाली, आता पिशवीचं काय काम? ठेवली तर कॅन्सर होईल’ असं सांगितलं जाई. नसबंदीमुळे पाळी बिघडते असं मोठ्या अभ्यासांत आढळलेलं नाही. तक्रारीमागे जंतुसंसर्ग, गाठी, रक्तक्षय असं काहीतरी असतं आणि त्यातलं बरंचसं औषधाने बरं होतं. पण ते शोधायला तपासणी लागते, दोन-तीन खेपा लागतात. पिशवी काढणं एका खेपेत होतं, कर्ज काढून का होईना. तिशीत पिशवी गेलेल्या बाईला पुढे पाठदुखी, अंगाची आग, लवकर रजोनिवृत्ती हे सगळं घेऊन त्याच फडात मोळ्या उचलाव्या लागतात.

या प्रकरणानंतर बीड जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली आणि ऊसतोडीला जाण्याआधी व परतल्यावर स्त्रियांची तपासणी व्हावी अशी शिफारस झाली. अंतराच्या डोसची तारीख आणि ही तपासणी एकाच दिवशी, एकाच नर्सबाईकडे जोडली, तर वेगळा पैसाही फारसा लागणार नाही. दिवाळीआधीचा डोस गावात होऊ शकतो. त्यानंतरचा फडात पडतो, आणि तो कारखान्याच्या थळावर जाऊन कुणी द्यायचा, हे अजून कुठल्याच खात्याने आपल्या अंगावर घेतलेलं नाही.